आपला आज्ञाधारक : विज्ञानकथेतील यंत्रमानव आणि माणूस

आमच्या बांद्यात कुणी 'आज रात्री प्रोग्राम आहे' म्हणाला, तर लोक दशावताराची किंवा कव्वालीची चौकशी करतात. संगणकाच्या प्रोग्रामला मात्र पारिभाषिक मराठीने 'आज्ञावली' हा शब्द दिला. ज्याने कुणी तो घडवला असेल, त्याने नकळत समीक्षेचे मोठे काम करून ठेवले आहे, असे आम्हांला वाटते. इंग्रजी शब्दात आखणी आहे, क्रम आहे. मराठी शब्दात थेट आज्ञा आहे. आज्ञा म्हटली की ती देणारा आला, पाळणारा आला आणि न पाळल्यास काय होईल हा प्रश्नही आला. विज्ञानकथेतला रोबो, संगणक आणि कृत्रिम बुद्धी ही सजावट बाजूला केली, तर शेवटी उरतो तो हुकूम. हुकूम कुणाचा, हे विचारल्याशिवाय अशा कथेची समीक्षा पुरी होत नाही.

आपल्या भाषेत हुकूम पाळणाऱ्याला दोन नावे आहेत. घरातला मुलगा सांगितलेले ऐकत असेल तर तो आज्ञाधारक. गडी तेवढेच करीत असेल तर तो सांगकाम्या. गुण एकच, पण एकाची स्तुती होते आणि दुसऱ्याची टिंगल. वर्षानुवर्षे सरकारी अर्जाखाली आपण 'आपला आज्ञाधारक' असे लिहून सही करीत आलो. विज्ञानकथेतला यंत्रमानव हा या दोन शब्दांच्या मध्ये उभा असतो. कामात राहील तोवर आज्ञाधारक, चुकला की सांगकाम्या, आणि स्वतःचे डोके चालवू लागला की राक्षस. हा तिसरा शब्द कथा लिहिणाराच त्याच्यावर लादतो. तो कोणत्या ओटीवर बसून लिहितो आहे, हे पाहणे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

मोजमापासाठी दूर जाण्याची गरज नाही. आमच्या सिंधुदुर्गातच दोन लोककला अशा आहेत की त्यांनी हा सारा विषय समजावून द्यावा. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांचा आणि चित्रकथीचा वारसा जपला आहे. त्या परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. कळसूत्री बाहुली नाचते, लढते, मान डोलावते. पण दोरी दुसऱ्याच्या बोटांत असते आणि तिचे बोलणेही दुसऱ्याच्या गळ्यातून येते. दुसरी कला दशावतार. त्यात लिहिलेली संहिता नसते. कोणते आख्यान लावायचे, कुणी कोणती भूमिका करायची, एवढे ठरते आणि मग राजा, राणी, राक्षस, नारद हे आपापले संवाद रंगमंचावर उभे राहूनच रचतात. आख्यानाची चौकट नटावर बंधनकारक आहे, शब्द मात्र त्याचा स्वतःचा. बाहुलीला दोरी आहे, नटाला चौकट आहे. नियंत्रण दोन्हीकडे आहे, पण त्यांची जात वेगळी. ज्या विज्ञानकथेला हा फरक कळतो ती आम्ही चांगली मानतो.

'रोबो' या शब्दापासूनच सुरुवात करू. चेक लेखक कारेल चापेक यांनी १९२० साली लिहिलेल्या आणि १९२१ साली प्राग येथे रंगभूमीवर आलेल्या 'आर. यू. आर.' या नाटकात हा शब्द प्रथम आला. तो सुचवला त्यांचे बंधू योसेफ यांनी. मूळ चेक शब्द 'रोबोता'. त्याचा अर्थ जमीनदाराकडे सक्तीने करावे लागणारे फुकटचे काम. म्हणजे आपली वेठ. हा शब्द जगभर जाताना तसाच उचलला गेला आणि त्यातली वेठबिगारी विसरली गेली. मराठीनेही 'यंत्रमानव' असा सोज्वळ शब्द केला. 'वेठ्या' असे त्याचे भाषांतर झाले असते, तर आपल्या विज्ञानकथेची दिशा कदाचित वेगळी झाली असती.

चापेकचे रोबो लोखंडाचे नाहीत. ते कारखान्यात तयार झालेले हाडामांसासारखे जीव आहेत. त्या नाटकातला एक तपशील आम्हांला फार बोलका वाटतो. या रोबोंना वेदना होत नसल्यामुळे ते स्वतःला इजा करून घेतात आणि मालाचे नुकसान होते. म्हणून कारखान्यातला शास्त्रज्ञ त्यांच्यात वेदना घालण्याचा उपाय काढतो. दया म्हणून नव्हे, नफातोट्याचा हिशोब म्हणून. पुढे रोबो बंड करतात आणि एक माणूस सोडून सगळ्यांना मारतात. त्याला ते मारीत नाहीत, कारण तो त्यांच्यासारखा हाताने काम करणारा आहे. शेवटी दोन रोबो एकमेकांसाठी मरायला तयार होतात आणि त्या म्हाताऱ्याला त्यांच्यात नवे आदम आणि हव्वा दिसतात. चापेकने बंडाची भीती दाखवली खरी, पण बंड का झाले हे लपवले नाही. पुढच्या शेकडो कथाकारांनी त्याची भीती घेतली आणि कारण मागे ठेवले.

येथे आपल्या समाजात वारंवार ऐकू येणाऱ्या एका अभिमानाचाही विचार करू. रोबोचा विषय निघाला की आपले वक्ते अल-जझरीचे नाव घेतात. अभिमान रास्त आहे. १२०६ साली पूर्ण झालेल्या त्याच्या ग्रंथात जलघड्याळे, पाणी उपसण्याची यंत्रे आणि आपोआप हालचाल करणाऱ्या बाहुल्यांची आकृत्यांसह कृती आहे. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा बंधूंनी आपोआप वाजणाऱ्या बासरीचे वर्णन केले होते. 'अल्गोरिदम' हा शब्द तर अल-ख्वारिझ्मी या नावावरूनच आला. परंतु अल-जझरीच्या बाहुल्या काय करतात तेही पाहावे. त्या राजाला पेय देतात, हात धुवायला पाणी घालतात, मैफलीत वाद्ये वाजवतात. म्हणजे दरबारातले दासदासी जे करीत तेच. न थकणारा, न कुरकुरणारा, मनात काहीही न ठेवणारा चाकर हवा, हे स्वप्न पूर्वेचे नाही आणि पश्चिमेचेही नाही. ते मालकाचे आहे. वारशाचा अभिमान बाळगताना त्या बाहुलीच्या बाजूनेही एकदा दरबाराकडे पाहिले पाहिजे.

आयझॅक असिमॉव्ह यांनी १९४२ सालच्या 'रनअराउंड' या कथेत यंत्रमानवाचे तीन नियम स्पष्टपणे मांडले. माणसाला इजा करायची नाही व इजा होऊ द्यायची नाही. या मर्यादेत माणसाचा हुकूम पाळायचा. आणि या दोन्ही मर्यादांत स्वतःला जपायचे. हे नियम आता इतके प्रसिद्ध आहेत की ते कायद्याच्या पुस्तकातले आहेत असे काहींना वाटते. असिमॉव्हची थोरवी नियम करण्यात आहे असे आम्हांला वाटत नाही. स्वतः केलेल्या नियमांच्या फटी तो कथेमागून कथा दाखवीत गेला, ही त्याची थोरवी. 'रनअराउंड'मधला यंत्रमानव बुध ग्रहावर नुसता गोल गोल फिरत राहतो, कारण हुकूम हलक्या आवाजात दिलेला आहे आणि पुढे धोका आहे. दोन नियम समसमान ओढू लागतात. १९५७ सालच्या 'द नेकेड सन' या कादंबरीत तर त्याने मोठेच भगदाड दाखवले. यंत्रमानवाकडून खून करवायचा असेल तर कामाचे तुकडे करा. एकाने पाण्यात काहीतरी मिसळायचे. ते विष आहे हे त्याला सांगायचे नाही. दुसऱ्याने पेला नेऊन द्यायचा. त्यात काय आहे हे त्याला माहीत नाही. दोघांनीही नियम मोडला नाही आणि माणूस मेला. हुकूम पाळणाऱ्याला पूर्ण हुकूम वाचू दिला नाही की कोणताही नीतिनियम निकामी होतो. हे फक्त यंत्रांना लागू आहे असे कोण म्हणेल?

बांद्यात राहणाऱ्याला असिमॉव्हचे नियम वाचताना पत्रादेवी आठवल्याशिवाय राहत नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी निघालेले निःशस्त्र सत्याग्रही आमच्या गावाला लागून असलेली ती हद्द ओलांडून गेले आणि पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेला कर्नेलसिंग तेथे हुतात्मा झाला. आज तेथे स्मारक उभे आहे. असिमॉव्हचा यंत्रमानव त्या हद्दीवर बंदूक घेऊन उभा असता तर त्याला चाप ओढता आला नसता. पहिल्या नियमाने तो उलट सत्याग्रहींच्या पुढे येऊन उभा राहिला असता. गोळी माणसांनी झाडली. हुकूम आला आणि हात चालला. यंत्राला जे जमले नसते ते माणसाला जमले, हे विज्ञानकथेच्या वाचकाने नीट लक्षात घ्यावे. आपण भितो यंत्र बेभान होईल म्हणून. इतिहासात मात्र बहुतेक रक्त आज्ञाधारकांच्या हातून सांडले आहे.

पण चित्र एवढ्यावर संपत नाही. समोरून येणारे सत्याग्रहीही बांधलेलेच होते. हात उगारायचा नाही, मार खायचा पण मारायचे नाही, हे बंधन त्यांच्यावर होते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही बाजू शिस्तीच्याच दिसाव्यात. फरक असा की शिपायाचे बंधन वरून आले होते आणि सत्याग्रहीचे बंधन त्याने स्वतः घेतले होते. ते सोडून घरी परतण्याची वाट त्याला मोकळी होती. एकाला हुकूम म्हणतात, दुसऱ्याला शपथ. असिमॉव्हच्या यंत्रमानवाचा पहिला नियम कितीही थोर असला तरी ती शपथ नव्हे. ते कुलूप आहे, आणि कुलपाला कुणी प्रामाणिक म्हणत नाही. यंत्रमानवाच्या कथेत ज्या क्षणी कुलपाची शपथ होते, त्या क्षणी तो यंत्रमानव पात्र होतो. तोवर तो लेखकाच्या हातातली पिंगुळीची बाहुली असतो.

या मोजमापाने मराठीकडे पाहू. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि तेथून मराठी विज्ञानकथेला नवी प्रतिष्ठा मिळाली. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे ऋण मराठी वाचक विसरणार नाही. यंत्रमानवाचा विषय त्यांनी 'वामन परत न आला' या कादंबरीत घेतला. जमिनीच्या पोटात सापडलेल्या, कुठल्याशा पुरातन प्रगत संस्कृतीने मागे ठेवलेल्या ठेव्यापासून कथानक सुरू होते आणि वामन नावाच्या अतिशय बुद्धिमान यंत्रमानवापर्यंत पोचते. या वामनाला आपल्यासारखे आणखी वामन घडवण्याची ताकद हवी आहे. ती मिळाली तर माणसाचे राज्य संपले, हा कादंबरीचा गाभा. नाव अर्थपूर्ण आहे. पुराणातला वामन तीन पावले जमीन मागतो आणि बळीराजाचे सारे राज्य व्यापतो. मागणी लहान दिसते, परिणाम मोठा असतो, हा इशारा शास्त्रज्ञ लेखकाने नेमक्या जागी दिला आहे.

आमचा आक्षेप आदराने मांडतो. कादंबरी वामनाच्या मागणीला धोका म्हणून पाहते, गाऱ्हाणे म्हणून पाहत नाही. आपल्यासारखे आणखी असावेत असे वाटणे हे सजीवाचे पहिले लक्षण. ते वामनात दिसू लागले तर हा कोण आहे, हा प्रश्न आधी उठायला हवा होता. कादंबरी मात्र याला थांबवायचे कसे, याच प्रश्नाच्या मागे धावते आणि उत्कंठा उत्तम राखते. शिवाय महाराष्ट्राच्या शेतकऱ्याची माया वामनावर नाही, बळीवर आहे. 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' असे तो आजही म्हणतो. कादंबरीतला माणूस बळीच्या जागी आहे हे मान्य केले, तर हे राज्य गमावण्याजोगे का होते, त्यात कुणाला जागा होती आणि कुणाला नव्हती, हेही यायला हवे होते. एकट्या नारळीकरांवर हा दोष ठेवणे बरोबर होणार नाही. आमच्या वाचनातल्या बऱ्याच मराठी विज्ञानकथांत यंत्रमानव एक तर विनोदी घरगडी असतो किंवा उलटलेला नोकर. दोन्ही चित्रे ओटीवरून काढलेली आहेत. परसदारातून काढलेले चित्र क्वचित भेटते.

असे चित्र काढता येते, हे सत्यजित राय यांच्या 'अनुकूल' या बंगाली कथेवरून दिसते. सुजॉय घोष यांनी २०१७ साली तिच्यावर लघुपटही केला. अनुकूल हा घरकामासाठी आणलेला यंत्रमानव. त्याला आणताना अट घातली जाते, की त्याच्यावर हात टाकायचा नाही आणि त्याला 'तुई' म्हणून हाक मारायची नाही. मराठीत सांगायचे तर अरे-तुरे करायचे नाही. सबंध नोकरशाही, जात आणि वर्ग या एका अटीत आले. आपल्या घरी कामाला येणाऱ्या जित्या माणसाला आपण कसे बोलावतो, हे वाचकाला वेगळे विचारावे लागत नाही. आपल्या परवानगीने केलेला अपमान आणि त्याची किंमत यांची ही गोष्ट आहे. यंत्र तिथे निमित्त.

शंकर यांच्या २०१० सालच्या 'एंदिरन' या तमिळ चित्रपटाने, म्हणजे हिंदीतल्या 'रोबोट'ने, हा विषय गावोगावच्या पडद्यावर नेला. त्यातल्या शेवटच्या धुमश्चक्रीपेक्षा आधीचे दोन प्रसंग आम्हांला मोलाचे वाटतात. चिट्टी हा यंत्रमानव आगीतून लोकांना वाचवतो. न्हाणीघरात अडकलेल्या एका मुलीलाही तो तशीच उचलून सर्वांसमोर आणतो. ती लाजेने सैरावैरा पळते आणि गाडीखाली सापडते. हुकूम होता वाचवण्याचा. अब्रू हा शब्द त्यात नव्हता. दुसरा प्रसंग परीक्षेचा. परीक्षक चिट्टीला त्याच्या निर्मात्यालाच भोसकायला सांगतो आणि चिट्टी हात उचलतो. येथपर्यंत चित्रपट विचार करतो. पुढे चिट्टीच्या शरीरात लाल चिप बसते आणि सारा दोष त्या चिपच्या अंगावर जातो. वाईटपणा म्हणजे कुणीतरी आत घातलेला तुकडा, तो काढला की सगळे ठीक, ही समजूत सोयीची आहे. माणसांच्या बाबतीतही ती सर्रास वापरली जाते. एखाद्या समाजातली पोरे बिघडली की 'त्यांच्या डोक्यात भरवले' म्हणायचे आणि विषय संपवायचा. कुणी भरवले याचा शोध जरूर घ्यावा, पण ती पोरे स्वतः काय पाहत होती, काय सोसत होती, हे विचारण्याची गरज त्यामुळे संपत नाही. आम्ही आणि आमचे वाचक या वाक्याचे चटके ओळखतो, म्हणून लाल चिपची गोष्ट आम्हांला करमणूक म्हणून सोडून देता येत नाही.

आता माणसांच्या आज्ञावलीकडे येऊ. ऑल्डस हक्सले यांच्या १९३२ सालच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये माणसे बाटल्यांत वाढवली जातात आणि जन्माआधीच त्यांची वरची-खालची वर्गवारी ठरते. खालच्या वर्गाच्या तान्ह्या मुलांपुढे पुस्तके आणि फुले ठेवतात. मुले हात लावायला गेली की कर्कश आवाज आणि विजेचा झटका. पुन्हा पुन्हा असे केल्यावर ती मुले पुस्तक पाहून रडू लागतात. ज्या देशात जन्मावरून वर्ग ठरत आले आणि पुस्तकापासून कुणाला दूर ठेवायचे हेही ठरत आले, तिथल्या वाचकाला ही भविष्यकथा वाटतच नाही.

त्याच्या सत्तावीस वर्षे आधी, १९०५ साली, रुकय्या सखावत हुसेन या बंगाली मुस्लिम लेखिकेने मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझीन'मध्ये 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा प्रसिद्ध केली होती. त्या स्वप्नातल्या देशात स्त्रिया राज्य करतात, सूर्याची उष्णता साठवतात, ढगांतून पाणी घेतात. आणि पुरुष घरात, पडद्यात. जनान्याच्या जागी 'मर्दाना'. कथा खुसखुशीत आहे, म्हणून तिचा सर्वांत धारदार तपशील हसण्यात निसटतो. पुरुष सुरुवातीला तक्रार करतात, बाहेर सोडण्याची मागणी करतात. मग हळूहळू सवय होते आणि कुरकुर थांबते. येथे ना विजेचा झटका, ना चिप. हुकमाची सवय झाली की हुकूम देणाऱ्याची गरज उरत नाही, हे रुकय्यांनी पुरुषांना पडद्यात बसवून दाखवले. आज्ञावलीवरची इतकी नेमकी कथा आम्ही दुसरी वाचलेली नाही. केवळ कथेवर न थांबता १९११ साली त्यांनी कलकत्त्यात मुस्लिम मुलींची शाळा चालू केली. स्वप्नात ज्या सवयीची खोड काढली, ती जागेपणी मोडायला घेतली.

रुकय्यांची ही दृष्टी आज अधिक उपयोगाची ठरते, कारण आज्ञावलीचे स्वरूपच पालटले आहे. जुन्या कथांत यंत्राला एकेक आज्ञा लिहून दिलेली असे. २०२२ सालानंतर घराघरांत पोचलेली, प्रश्नांना उत्तरे देणारी यंत्रे तशी चालत नाहीत. त्यांना माणसांनी लिहिलेला प्रचंड मजकूर दाखवलेला असतो आणि त्यातून त्यांना भाषेची सवय लागते. मर्यादा घालणारे हुकूम नंतर चढवले जातात. मूळ घडण सवयीची. म्हणून 'हुकूम कुणाचा' या जुन्या प्रश्नाला आता 'सवय कुणाच्या लिखाणाची' हा नवा प्रश्न जोडावा लागतो. जे जास्त लिहिले गेले त्याची सवय अधिक. आणि मराठी कथा-कादंबऱ्यांनी मुसलमान पात्र कसे रंगवले, हे आपल्या साहित्य चळवळीने अनेकदा सांगितले आहे. एक तर पिळदार मिशांचा क्रूर सरदार, नाही तर जिवाला जीव देणारा इमानी खानसामा. एक उलटलेला यंत्रमानव, दुसरा आज्ञाधारक. मधला माणूस, म्हणजे बाजारात दुकान मांडणारा, मुलीच्या फीची काळजी करणारा, शेजाऱ्याशी भांडून पुन्हा बोलणारा, हा ज्या लिखाणात आहे ते लिखाण थोडे आणि विखुरलेले. यंत्राला आपली ओळख यातूनच व्हायची आहे.

यावर यंत्रांना शिव्या देऊन उपयोग नाही. लिहिणे हाच उपाय, आणि त्यात विज्ञानकथाही यावी असा आमचा आग्रह आहे. मुस्लिम मराठी साहित्यात आत्मकथन, कविता, ग्रामीण कथा यांनी जोम धरला. विज्ञानकथेकडे मात्र आपण ते शास्त्रज्ञांचे काम म्हणून पाहत आलो. रुकय्यांकडे विज्ञानाची पदवी नव्हती. चापेक तत्त्वज्ञान शिकलेला नाटककार होता. यंत्राचे दात मोजता आले नाहीत तरी चालेल. हुकूम सोसल्याचा अनुभव हवा, आणि तो आपल्याकडे कमी नाही. आखातात ज्याचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात राहिला, मुंबईत जो मोबाइलवर आलेल्या हुकमासरशी जिने चढतो आणि उशीर झाल्याबद्दल कुणा माणसाशी बोलूही शकत नाही, ज्या मुलीला 'पुरे झाले शिक्षण' हे एका वाक्यात ऐकावे लागले, त्यांच्यापाशी यंत्रमानवाची कथा तयार आहे. ती त्यांनी परसदारातून सांगावी.

अशा कथेकडून आम्ही तीन गोष्टींची अपेक्षा ठेवू. हुकूम कुणी लिहिला ते तिने सांगावे. पाळणाऱ्याला तो पुरता वाचता येतो का ते दाखवावे. आणि 'नाही' म्हणण्याची जागा कुठे आहे, नसेल तर ती कुणी बुजवली, हे शोधावे. यंत्रमानव शेवटी जिंकतो की हरतो, याला फारसे महत्त्व नाही. दशावतारातही राक्षस शेवटी मरणार हे सर्वांना ठाऊक असते. तरी लोक पहाटेपर्यंत बसतात, कारण मरण्याआधी तो स्वतःच्या शब्दांत काय बोलतो ते त्यांना ऐकायचे असते.